रोहिणीतली परसबाग

२५ मेच्या आसपास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि ७-८ जूनला मृग लागतो. मधले हे दोन आठवडे बागेच्या कौतुकाचे नसतात. मंडपावरचा दोडका तळापासून पिवळा पडत आलेला असतो, वांग्याच्या पानांमागे लाल कोळ्याने जाळी धरलेली असते, कोथिंबिरीच्या वाफ्यात नुसत्या काड्या उभ्या असतात आणि जिथे तिथे पाचोळा. घरी आलेली माणसं परसात डोकावतात, "उन्हाने पार गेली की हो बाग," म्हणतात, माठातलं पाणी पितात आणि दुसऱ्या विषयाकडे वळतात. मला मात्र या दिवसांत बागेतून पाय निघत नाही. पावसाळ्यात काठी रोवली तरी फुटते आणि थंडीत कुणाचीही बाग चांगली दिसते. कोणत्या झाडाचं मूळ किती खोल गेलंय, कुठल्या कोपऱ्यात ओल टिकते, कुठली माती अजून कच्ची आहे, हे समजतं ते रोहिणीत. आणि पुढच्या वर्षीची सगळी बाग बी होऊन तयार होते तीही याच दिवसांत.

आमचं घर साताऱ्यात, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला. मागे थोडेसे वाफे मावतील एवढं परस, एक जुना शेवगा, कढीपत्ता, वेलींचा मंडप. पुढच्या अंगणात फुलझाडं. साताऱ्यात १० मेच्या सुमारास दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि मंडपाच्या खांबाला सावलीच उरत नाही. पुण्याला हे तीन-चार दिवसांनी घडतं. शून्य सावलीची बातमी पेपरात येते, मुलं अंगणात काठ्या उभ्या करून बघतात आणि विषय संपतो. बाग करणाऱ्यासाठी तो तिथे सुरू होतो. त्या दिवसापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य आमच्या उत्तरेला असतो. उगवतो ईशान्येच्या अंगाने, मावळतो वायव्येकडे. घराची उत्तरेची भिंत थंडीभर सावलीत असते. आता तिच्यावर सकाळ-संध्याकाळ ऊन येतं. डिसेंबरात तिथे सुखाने वाढलेली ब्राह्मी आणि नेचे मेमध्ये करपतात, आणि माणूस पाणी कमी पडलं असं समजून आणखी पाणी घालत राहतो. दक्षिणेच्या भिंतीलगत मात्र याच दिवसांत दुपारी वीतभर सावली पडते. मेच्या सुरुवातीला मी नाजूक कुंड्या तिकडे नेते. तेवढ्या वीतभर सावलीत पुदिना पाऊस येईपर्यंत हिरवा राहतो. सूर्य इकडून तिकडे गेला की आपणही झाडं हलवावीत, इतकी साधी गोष्ट आहे. पण मेमध्ये मेलेली कितीतरी कुंड्यांतली झाडं तहानेने नव्हे, जागा न बदलल्याने मेलेली असतात, असं माझं पक्कं मत आहे.

पाण्याचं म्हणाल, तर उन्हाळ्यात नळाला ते एक दिवसाआड येतं. तांदूळ धुतलेलं, भाजी धुतलेलं, सगळं परसात जातं. तरीही ते पुरत नाही, आणि मग कुणाला द्यायचं आणि कुणाचं तोडायचं हा प्रश्न येतो. सगळ्यांना थोडं थोडं देणं न्यायाचं वाटतं, पण त्याने कुणाचंच भागत नाही. वरवर शिंपडलेलं पाणी वरच्या दोन बोटं मातीत राहतं, मुळं तेवढ्यासाठी वर येतात आणि दुपारी तापलेल्या थरात भाजून निघतात. त्यापेक्षा आठवड्यातून दोनदाच द्यावं, पण पोटभर आणि पहाटे. शेवगा, कढीपत्ता, लिंबू यांना इतकंही लागत नाही. ज्या वेलीचं आयुष्य संपत आलंय तिचं पाणी मात्र हात आखडून तोडावं लागतं. हे मला अवघड जातं. पिवळी पडलेली वेल समोर असते, बादली हातात असते. सासूबाई ओट्यावरून म्हणायच्या, "अगं, तिला आता पाणी नकोय, ऊन हवंय. शेंगा वाळू देत." पाणी दिलं तर वेल चार नवी पानं काढते, पण बी पोसायचं थांबतं.

माती झाकून ठेवणं हे पाण्याइतकंच मोठं काम. कोल्हापूरकडे गणित शिकवणारे श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवार उभा केला. द्राक्षबागायतदारांपासून मुंबईच्या गच्चीवर भाजी पिकवणाऱ्यांपर्यंत किती तरी माणसं त्यांच्याकडून शिकली. पाचोळा हा कचरा नाही, ते झाडाने साठवलेलं ऊन आहे, या विचारावर त्यांची सगळी शेती उभी होती. गच्चीवरच्या बागांतून उसाची चिपाडं वापरायची रीत पसरली तीही याच विचारातून. उन्हाळ्यात आमच्याकडे नाक्यानाक्यावर रसवंती लागते आणि संध्याकाळी चिपाडांचा ढीग रस्त्याकडेला पडतो. ती मागितली की मिळतात. दोन दिवस कडक उन्हात वाळवून घ्यायची, नाहीतर गोडाला मुंग्या धावतात आणि मुंग्यांमागोमाग पिठ्या ढेकूण जास्वंदीवर चढतो. वाळलेली चिपाडं वाफ्यात चार बोटं जाड अंथरली की दुपारी दोन वाजताही खालची माती हाताला गार लागते. मृगाच्या पावसात ती कुजायला लागतात, आणि दिवाळीपर्यंत त्यांची काळी, भुसभुशीत माती होते. गांडुळं आपसूक येतात.

भाज्यांमध्ये सगळ्यात आधी हरतो टोमॅटो. पारा ३५ अंशांच्या वर गेला की त्याचे परागकण निकामी होतात. फूल येतं आणि देठापासून गळतं. त्याला खत घालून उपयोग नसतो. जी फळं आधी धरलेली असतात ती मेमध्ये पिकली तर लालबुंद होत नाहीत, पिवळट केशरीच राहतात, कारण लाल रंगाचं द्रव्य इतक्या उन्हात तयारच होत नाही. चवीला ती वाईट नसतात. त्यांची चटणी मला लाल टोमॅटोच्या चटणीहून आवडते, थोडी जास्त आंबट, दाण्याचं कूट घातलं की एकदम जमून येणारी. मिरचीही फुलं गाळते, पण मिरची चिवट असते. मुळाशी आच्छादन आणि डोक्यावर जुन्या साडीची सावली मिळाली की ती पावसाची वाट बघत थांबते. मेथी आणि कोथिंबीर यांना मेमध्ये लावूच नये. पान येण्याआधी तुरा येतो.

वेलींची गोष्ट वेगळी. दिवस लांबतात, ऊन वाढतं, तशी त्यांच्यावर नरफुलं फार आणि मादीफुलं थोडी येऊ लागतात. मंडप फुलांनी भरलेला आणि एकही फळ नाही, असं दिसलं की माणसं फवारणीच्या बाटल्या शोधतात. खरं म्हणजे तेव्हा वेळेवर उठायची, नाहीतर वेळेवर घरी यायची गरज असते. दोडका आणि दुधी यांची फुलं संध्याकाळी उमलतात; दुधीचं फूल पांढरं, रात्रीच्या पतंगांसाठी. घोसाळं, काकडी, लाल भोपळा सकाळी लवकर फुलतात आणि ऊन चढलं की मिटतात. ज्याचं त्याचं घड्याळ वेगळं. मादीफुलाच्या मागे बोटाएवढं इवलं फळ असतं, त्यावरून ते ओळखू येतं. नरफूल खुडायचं, पाकळ्या मागे करायच्या आणि आतला केसर मादीफुलाच्या मध्यावर हलकेच टेकवायचा. दोडक्याला दिवेलागणीला, घोसाळ्याला सकाळच्या चहाआधी. आमच्या गल्लीतल्या मुलांना हे काम फार आवडतं. आपण टेकवलेल्या फुलाचं फळ झालं की ती रोज येऊन त्याला बघतात, आणि एरवी दोडका बघून पळणारी मुलं त्या दिवशी दोडक्याची भाजी खातात.

आणि या सगळ्या पडझडीत, न लावता, न मागता, वाफ्याच्या कडेला घोळ पसरलेली असते. तांबूस देठांची, जाड पानांची, जमिनीला चिकटून वाढणारी ही रानभाजी मेच्या उन्हात लसलशीत असते. तिचं तंत्र विलक्षण आहे. पाणी पुरेसं असलं की ती दिवसा हवा आत घेते. ओढ बसली की पानांची रंध्रं दिवसा मिटून घेते आणि रात्रीच्या गारव्यात उघडते. रात्री घेतलेली हवा आम्ल करून पानात साठवते आणि दिवसा त्यावर काम करते. म्हणून उन्हाळ्यात पहाटे खुडलेली घोळ संध्याकाळी खुडलेल्या घोळीपेक्षा जास्त आंबट लागते. डाळ घालून पातळ भाजी करायची असेल तर सकाळी खुडावी. ताकातली करायची असेल तर ताकाचा आंबटपणा आहेच, संध्याकाळची चालते. बाजारात हिची जुडी क्वचित दिसते, आणि बरेच जण तिला तण म्हणून उपटून टाकतात. उन्हाळ्याच्या अखेरीला परसात मिळणारी सगळ्यात ताजी भाजी आपण पायदळी तुडवतो, याचं मला वाईट वाटतं.

फुलांकडे वळते, कारण रोहिणीतल्या बागेचं मन तिथे आहे. मोगऱ्याचा बहर मार्चपासून चालू असतो, पण त्याची तयारी थंडीतली. डिसेंबरच्या शेवटी त्याचं पाणी तोडायचं, पानं झडू द्यायची. मग छाटणी, मुळं थोडी उघडी करून त्यांना ऊन दाखवायचं, शेणखत घालून माती ओढायची आणि पाणी सुरू करायचं. कळी येते ती नव्या फुटीच्या टोकाला, म्हणून जुनं लाकूड जपून काही मिळत नाही. मेच्या शेवटी मोगऱ्याच्या कळ्या लहान होतात, पण वास तोच. दुपारी चारच्या सुमारास त्या फुगून टपोऱ्या होतात, अजून मिटलेल्या असतात. तेव्हाच त्या खुडायच्या, ओल्या फडक्यात ठेवायच्या. दिवे लागेपर्यंत त्या ओंजळीत उमलतात. आमच्याकडे गजरा केळीच्या सोपटावर करतात. सोपट भिजवून त्याचे दोर काढायचे, दोन कळ्या इकडे, दोन तिकडे, आणि वेढा. सुई नाही. मध्ये मध्ये अबोली. अबोलीला वास नाही आणि मोगऱ्याला रंग नाही, दोन्ही एकत्र आल्यावर गजरा पुरा होतो. उरलेल्या कळ्यांतली एखादी माठात जाते.

मोगरा संपत आला की जमिनीखालून मे फ्लॉवर वर येतं. कुणी त्याला फुटबॉल लिली म्हणतात. हे मूळ आफ्रिकेतलं, पण महाराष्ट्रातल्या जुन्या वाड्यांच्या अंगणांतून इतकं रुळलंय की ते परकं वाटत नाही. दहा-अकरा महिने त्याच्याकडे कुणी बघत नाही. थंडीत पानंही वाळून जातात आणि जागा रिकामी दिसते. त्या रिकाम्या जागेत कुणी कुदळ घालू नये म्हणून सासूबाई तिथे एक गोल दगड ठेवायच्या. तो दगड अजून तिथेच आहे. मेमध्ये, बहुतेक वेळा वळवाची एक सर पडून गेल्यावर, मातीतून जाड दांडा येतो, पानांच्या आधी, आणि त्याच्या टोकावर शंभरावर बारीक फुलांचा लालभडक गोल उघडतो. आठवडाभर टिकतो. आसपास सगळं करड्या रंगाचं असतं, त्यामुळे ते लाल फार जवळचं वाटतं. पावसाळी लिलीचं तर वळवाशी ठरलेलंच असतं: जमीन चांगली सुकलेली हवी, मग एक जोरदार सर हवी, की तीन-चार दिवसांत गुलाबी फुलं. नळाचं रोजचं पाणी देऊन हा बहर असा येत नाही. त्या कोरडेपणावाचून तो पाऊस त्यांना पोचतच नाही.

२०२५ साली हा कोरडेपणा आलाच नाही. मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला. मुंबईची नेहमीची तारीख ११ जून. आमच्याकडे मान्सूनचं नाव लागण्याआधीच, मेच्या मध्यापासून, आभाळ गळत होतं. पाण्याची चिंता मिटली, हवा गार झाली, लोक खूश होते, आणि पहिले दोन दिवस मीही होते. मग मंडपावर वाळत असलेले बियाण्याचे दोडके काळे पडले. कोथिंबिरीचे धने झाडावरच कोंबारले. मोगऱ्याच्या कळ्या तपकिरी होऊन गळाल्या. शेतांत तर याहून फार मोठं नुकसान झालं. काढून ठेवलेला कांदा भिजला, आणि आल्या-हळदीची लागण करायला जमिनीला वाफसाच येईना. परसातलं माझं नुकसान त्यापुढे काहीच नाही. पण त्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटच्या पंधरवड्याचं मोल मला नेमकं कळलं. पाऊस लवकर येणं ही आपल्याकडे आनंदाचीच बातमी असते. बी वाळायला लागणारे कोरडे दिवस त्या बातमीत कुणी मोजत नाही.

बी धरणं ही परसबागेतली माझी सगळ्यात आवडती गोष्ट, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर सांगते. बियाण्याचं फळ शेवटी उरलेलं, वाकडं, लहान असू नये. वेल जोमात असताना लागलेलं दुसरं-तिसरं फळ निवडायचं. सासूबाई त्याच्या देठाला लाल चिंधी बांधायच्या, म्हणजे घरातल्या कुणी ते भाजीला तोडायचं नाही. पुढे महिना-दीड महिना ते वेलावरच राहतं. दोडका आधी पिवळा, मग तपकिरी होतो आणि हलवला की आत बी खुळखुळतं. मग त्याच्या टोकाचं गोल झाकण आपोआप सुटतं आणि काळ्या बिया खाली पडतात. आतली जाळी अंघोळीला उपयोगी येते. दुधी वाळायला याहून जास्त वेळ घेतो. बी सकाळच्या उन्हात पसरायचं आणि ऊन कडक झालं की सावलीत घ्यायचं. भर दुपारच्या तापल्या पत्र्यावर ठेवलेलं बी आतून भाजतं आणि पुढे उगवत नाही. भोपळ्याची बी बोटांत मोडून बघायची. वाकली तर अजून ओल आहे, कट्‌कन मोडली तर झाली. मग चाळलेल्या राखेत घोळवून, कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून, घट्ट झाकणाच्या डब्यात. संकरित वाणाचं बी मात्र धरू नये; त्यातून आईसारखं लेकरू येत नाही. बी धरायचं ते गावठी वाणाचं.

याच आठवड्यांत गच्चीवर घरोघरी वाळवणं असतात. कोहळ्याचे सांडगे, भरलेल्या सांडगी मिरच्या, कुरडया. बियांची सुपं मी त्यांच्याच शेजारी मांडते. एकाच उन्हात वर्षभराचं तोंडीलावणं आणि पुढच्या वर्षीची बाग वाळत असते, आणि दोन्हींवर राखण एकाच माणसाची. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० साली पद्मश्री मिळाली ती याच कामासाठी: गावठी बियाणं जपणं, वाढवणं, वाटणं. त्यांनी हे कुठल्या प्रयोगशाळेत सुरू केलं नाही, घरात आणि परसात केलं. आमच्या जिल्ह्यातला कोरेगावचा वाघ्या घेवडा, तांबड्या पट्ट्यांचा, आज भौगोलिक मानांकनाने ओळखला जातो. पण मानांकन येण्यापूर्वी कितीतरी पिढ्या तो बायकांच्या राखेच्या मडक्यांतून टिकून राहिला, म्हणून मानांकन द्यायला तो उरला. सासूबाईंचं माहेर त्याच बाजूचं. त्यांच्या डब्यातला घेवडा दर पावसाळ्यात आमच्या कुंपणाला चढतो.

२०२५ मध्ये माझं दोडक्याचं बी गेलं ते वाईजवळ राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीमुळे परत आलं. आदल्या वर्षी तिला मूठभर दिलं होतं, त्यातलं तिने अर्धं ठेवलं होतं. जूनच्या अखेरीला तिने कागदाच्या पुडीत पाठवलं, वर तिच्या अक्षरात "ताईचा दोडका" असं लिहून. मी उशिरा, पावसाची उघडीप बघून लावलं. दसऱ्याला मंडप भरला होता.

म्हणून एवढं सांगणं आहे. तुमच्याकडे परस असो की गॅलरीतल्या दोन कुंड्या, या मेमध्ये एका वेलीचं एक चांगलं फळ तोडू नका. देठाला चिंधी बांधा, मुळाशी पाचोळा घाला, फळ पक्व होऊ लागलं की पाणी कमी करा. आभाळ भरून आलं तर फळ काढून घरात टांगा, वाट बघू नका. मृग निघायच्या आत बी वाळवून ठेवा आणि त्यातलं निम्मं दुसऱ्या गावातल्या कुणाला तरी द्या, कारण पाऊस सगळीकडे एकाच दिवशी पडत नाही.